उणे दीड

बेलवली, बदलापूर
८ नोव्हेंबर १९८७

ती. श्रीपादमामांना नमस्कार.

अक्षर ओळखीचं नाही, म्हणून आधी ओळख सांगते. मी नीलिमा, तुमच्या मावसबहिणीची, माईची मधली मुलगी. माझ्या लग्नात तुम्ही अंबरनाथहून आला होता आणि जिलबी कच्ची म्हणून आचाऱ्याला झापलं होतंत. आमच्याकडे ते अजून सगळ्यांच्या लक्षात आहे.

गरज पडली म्हणून लिहिते, उगाच आडपडदा ठेवत नाही. उल्हासनगरच्या एका मराठी शाळेत मी चार वर्षं गणित शिकवते, पण तात्पुरती. बी.एस्सी.चा माझा एक पेपर राहिलाय. दोनदा बसले, दोनदा आपटले. आता संस्थेनं लेखी कळवलंय की जूनच्या निकालात डिग्री हातात आली तर कायम करू, नाहीतर तीस जूननंतर यायचं कारण नाही. यांच्या कंपनीला दिवाळीपासून टाळं आहे. घर सध्या माझ्यावर चाललंय, म्हणजे या एका पेपरावर.

पेपर व्हेक्टरचा आणि तीन-तीन चलांच्या कॅल्क्युलसचा. सातवीचं गणित मी डोळे मिटून शिकवते, पण इथे एक्स, वाय, झेड तिघे एकदम हलायला लागतात आणि कुणाला धरून ठेवायचं तेच समजत नाही. सगळं इंग्रजीतून, आणि मी पक्की मराठी शाळेची. पहिल्या वेळी ‘पृष्ठभागाचा नॉर्मल काढा’ असं आलं. मला वाटलं, नॉर्मल म्हणजे साधं, नेहमीचं. मी समीकरणाला साधं रूप दिलं आणि खाली दोन रेघा मारून मोकळी झाले. नॉर्मल म्हणजे लंब, हे नापास झाल्यावर कळलं. हसा खुशाल, पण मार्ग सांगा.

क्लास कल्याणला आहेत, ते जमणारं नाही. माई म्हणते, तुम्ही जन्मभर कारखान्यात ऑफिसरकी केली, पण जीव गणितातच होता, संध्याकाळी कॉलेजच्या पोरांना घरी शिकवायचात. रविवारी माझ्या धाकट्या मुलीला, मीनलला घेऊन येऊ का?

तुमची,
नीलिमा


अंबरनाथ (पूर्व)
१३ नोव्हेंबर १९८७

नीलिमा,

आशीर्वाद आहेतच, आता कामाचं.

येऊ नकोस. तुमच्या घराण्याची खोड मला ठाऊक आहे. समोर बसवलं की प्रत्येक वाक्याला मान डोलावता, आणि उठल्यावर विचारलं तर ‘मामा, ते पहिलंच नाही कळलं’. कागद मान डोलवत नाही. तुला जे अडलं ते लिही, कुठवर आलीस ते लिही, मी दुरुस्त करून धाडीन. अंबरनाथ-बदलापूर एक स्टेशन, पण पत्राला दोन दिवस लागतात. तेवढ्यात तुझं डोकं चालू दे.

तिघे एकदम हलतात म्हणून रडतेस. पार्शल म्हणजे दुसरं काय? एकाला हलू द्यायचं, बाकीच्या दोघांना दम देऊन बसवायचं. तू वर्गात रोज हेच करतेस.

आता व्हेक्टरचं. डॉट आणि क्रॉस हे दोन वेगळे गुणाकार, त्यांत गोंधळ नको. क्रॉस घेताना क्रम बदलला की चिन्ह बदलतं; सात पाचे आणि पाच साते सारखेच, ही तुझी शाळा इथे विसरायची. दिशा कशी ओळखायची? हातावर घे. उजव्या हाताची बोटं पहिल्या व्हेक्टरवर ठेव, दुसऱ्याकडे वळव, अंगठा दाखवेल ती उत्तराची दिशा. सूत्र परीक्षेत दगा देतं, हात देत नाही. मी चाळीस वर्षं प्रत्येक उत्तर हातावर ताडून पाहिलंय आणि एकदाही चुकलो नाही. सोबत बारा गणितं आहेत. सोडवून पाठव.

जिलबी कच्चीच होती.

श्रीपाद


बेलवली, बदलापूर
२० डिसेंबर १९८७

ती. मामा,

बारापैकी नऊ तुम्ही बरोबर दिलीत, आणि उरलेल्या तिन्हींवर ‘हे वाचून उमा मामीही हसली’ असं लाल शाईनं लिहिलंत. मामींना गणित येत नाही हे मला माहीत आहे, तरी लागलं. पण ती तिन्ही परत केली, सोबत आहेत.

हातावर घेण्याची आता सवयच लागलीय. ऑफ तासाला स्टाफरूममध्ये बसून बोटं वळवत होते, तर आमचे शिपाई जनूभाऊ म्हणाले, बाई, मुरगळला का हात? मी हो म्हणाले. कुणाकुणाला क्रॉस समजावत बसू?

मामा, खरं सांगू? दोन वर्षांत पहिल्यांदा असं झालं की गणित बघितल्यावर पुस्तक मिटून ठेवलं नाही. तुम्ही खेकसता, पण समजावता असं की माझ्या शाळेतल्या पोरांनाही आता मी तसंच सांगते. पुढचं कधी धाडता?

नीलिमा


अंबरनाथ (पूर्व)
४ जानेवारी १९८८

नीलिमा,

तिन्ही बरोबर. हुरळून जाऊ नकोस, मेंढीसारखी लांडग्यामागे जाशील.

आता स्टोक्सचा सिद्धांत. पेपरात हमखास येतो आणि पोरं तिथेच माती खातात. एखाद्या वाटेनं गोल फिरून यायचं, ती बेरीज आणि त्या वाटेनं वेढलेल्या जागेवरची कर्लची, म्हणजे आतल्या गरगरण्याची, बेरीज सारखी. गोम एवढीच की नॉर्मल कुठल्या बाजूला धरायचा. बोटं वाटेच्या दिशेनं वळव, अंगठा नॉर्मल दाखवील. तो उलटा धरलास की सगळं बरोबर करून चिन्ह उलटं, आणि मार्क गेले.

सविस्तर सोडवलेली गणितं संक्रांतीनंतर पाठवतो. तोवर पुस्तकातली करून बघ, पण मागच्या पानावरच्या उत्तरांवर भरवसा ठेवू नकोस. छापखान्यात ती जुळवणाऱ्याला उणे-अधिकचं सोयरसुतक नसतं.

परीक्षेचा फॉर्म भरलास का? तारीख चुकवू नकोस.

श्रीपाद


बेलवली, बदलापूर
१५ फेब्रुवारी १९८८

ती. मामा,

हे माझं सलग तिसरं पत्र. जानेवारीच्या अखेरीस एक टाकलं, फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात एक, उत्तर नाही. माझ्याकडून काही चुकलं का? लाल शाईबद्दल लागलं म्हणून लिहिलं, ते मनात धरलंत का? मी सहज लिहिलं होतं हो.

फॉर्म भरलाय. पेपर बारा एप्रिलला. स्टोक्स तसाच पडलाय. पुस्तक उघडते आणि मिटते. रविवारी तासभर येऊन जाऊ का? मान डोलावणार नाही, शपथ.

नीलिमा


अंबरनाथ (पूर्व)
२३ फेब्रुवारी १९८८

नीलिमा,

रागावलो नाही. थोडा ताप होता. थंडीनं बोटं आखडली, म्हणून अक्षर असं. हसू नकोस.

येऊ नकोस. घरात रंगकाम आहे. बसायला जागा नाही.

स्टोक्सची चार गणितं सोडवून पाठवतो. सावकाश वाच. पहिलं महत्त्वाचं. त्रिकोण, एक्स-अक्षावर एक, मग वाय-अक्षावर एक, मग झेड-अक्षावर एक, या क्रमानं फिरायचं. उत्तर अधिक दीड.

हातावर ताडून पाहिलंय.

श्रीपाद


बेलवली, बदलापूर
२ मार्च १९८८

ती. मामा,

जीव भांड्यात पडला. तब्येत सांभाळा. अक्षर पाहून मला आधी वाटलं, मीनलनंच पत्र लिहिलंय.

मामा, एक विचारायचंय आणि विचारताना भीती वाटते. चारही गणितांत तुमचं उत्तर आणि पुस्तकाचं उत्तर आकड्यानं एक, पण चिन्ह उलटं. त्रिकोणाचं पुस्तकात उणे दीड आहे. पुस्तकावर भरवसा ठेवू नकोस म्हणालात म्हणून मी सिद्धांत बाजूला ठेवून त्रिकोणाच्या तिन्ही बाजूंवरून सरळ चालत गेले. प्रत्येक बाजूला उणे अर्धा आला, म्हणजे उणे दीड. मी हातावरही घेतलं. माझा अंगठा बाहेर जातो, तुमच्या आकृतीत नॉर्मल आत, मूळबिंदूकडे काढलाय.

माझंच काहीतरी चुकत असणार. कुठे, ते सांगा.

नीलिमा


अंबरनाथ (पूर्व)
११ मार्च १९८८

नीलिमा,

चुकतं ते तुझंच. बाजूंवरून चालताना दिशा उलटी धरली असशील. दोनदा नापास झालेल्या मुलीनं चाळीस वर्षांच्या हाताला विचारायचं, की बाबा तू चुकलास का? मी पुन्हा तीनदा ताडून पाहिलं. अंगठा आतच जातो.

अधिक दीड. मी लिहिलंय तसं लिही. महिना राहिलाय, आता शंका काढू नकोस. पाठ कर.

श्रीपाद


बेलवली, बदलापूर
१६ एप्रिल १९८८

ती. मामा,

पेपर झाला. पार्शलचा प्रश्न छान गेला, तुम्ही म्हणालात तसं दोघांना दम देऊन बसवलं. डॉट-क्रॉसही बरे गेले.

आणि स्टोक्स आला. दोन उपप्रश्न, त्यातला एक आपलाच त्रिकोण, फक्त आकडे वेगळे. मी हातावर घेतलं तर परत अंगठा बाहेर गेला. उत्तर उणे आलं. मग तुमचं पत्र आठवलं. उणे खोडलं आणि दोन्हीकडे अधिक केलं, कारण माझ्यात आणि तुमच्यात चुकणारी मीच असणार.

आता जूनची वाट. मुख्याध्यापिका कुंदाताई भेटल्या की विचारतात, काय बाई, डिग्री काय म्हणते? मी हसते.

नीलिमा


अंबरनाथ (पूर्व)
२५ एप्रिल १९८८

नीलिमा,

शाबास. खोडलंस ते उत्तम केलंस.

पास होशील. पेढे आणशील तेव्हा ये. तोवर नको.

श्रीपाद


बेलवली, बदलापूर
१५ जून १९८८

ती. मामा,

राहिले. एकतीस. पस्तीस हवे होते.

शाळेत सांगितलं. कुंदाताई म्हणाल्या, माझ्या हातात काही नाही. तीस तारखेला किल्ल्या आणि हजेरीपट द्यायचे. तुम्ही एवढे कष्ट घेतलेत आणि मी असं केलं, मला तोंड दाखवायला जागा नाही. तरी एकदा येऊ द्या. गणित विचारणार नाही, नुसती भेटून जाईन.

नीलिमा


अंबरनाथ (पूर्व)
१९ जून १९८८

चि. नीलिमा,

मी उमा मामी लिहिते आहे. हे पत्र त्यांना न सांगता टाकतेय, तेव्हा उत्तर लिहिलंस तर शेजारच्या विष्णुपंतांच्या पत्त्यावर माझ्या नावानं टाक.

तुझ्या मामांना संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळीहून येताना झटका आला. उजवी बाजू गेली. पाय आता थोडा उचलतात, पण हात ठेवू तिथे राहतो. बोलतात ते मला समजतं, दुसऱ्याला नाही. कुणाला कळवायचं नाही अशी मला शपथ घातली, आणि तुला तर मुळीच नाही. रंगकाम वगैरे सगळं खोटं गं. एवढा ताठ माणूस, पोरीनं या अवस्थेत बघायला नको, एवढंच.

जानेवारीअखेर तुझं पत्र आलं तेव्हापासून ते डाव्या हातानं लिहायला शिकले. तीन आठवडे पाटीवर अ आ गिरवलं, मीच पाटी धरायचे. तुझी गणितं सोडवताना मात्र जुने दिसायचे. डावा हात वर धरून बोटं वळवायचे आणि अंगठ्याकडे बघत राहायचे, परत वळवायचे. मला वाटायचं, डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम असेल.

तुझं पत्र वाचल्यापासून जेवत नाहीत. एकच विचारतात, कुठल्या प्रश्नात मार्क गेले? तूच काहीतरी लिही गं त्यांना, की जेवतील.

तुझी,
उमा मामी


बेलवली, बदलापूर
२२ जून १९८८

ती. मामी,

पत्र वाचलं आणि स्वयंपाकघरात जाऊन खूप रडले.

मामी, तो व्यायाम नव्हता. ते उत्तर ताडून पाहत होते. तो नियम उजव्या हाताचा आहे. डाव्या हातानं केला की अंगठा बरोबर उलट्या बाजूला जातो आणि चिन्ह बदलतं. आयुष्यभर उजवा हात आपोआप वर यायचा, आता डावा आला, आणि त्यांना कळलंच नाही की हात बदललाय. बाकी सगळं गणित अगदी बरोबर होतं. मला दिसलं होतं, मी विचारलंही होतं, पण पुढे रेटायचं धैर्य झालं नाही.

हे त्यांना कधीही सांगू नका. मी वेगळं लिहिते. ते वाचून तरी जेवतील.

नीलिमा


बेलवली, बदलापूर
२२ जून १९८८

ती. मामा,

मार्क कुठे गेले याचा मी शोध लावलाय. ओळखीच्या एका प्राध्यापकांना विचारलं. स्टोक्सला मला पूर्ण मार्क आहेत, दोन्हींना. तुमचं अधिकच बरोबर होतं. गेले ते पहिल्या प्रश्नात, पार्शलमध्ये, माझ्या वेंधळेपणानं. तुमचा काही दोष नाही, माझं डोकंच तेवढं.

नोकरीचं मनाला लावून घेऊ नका. दुसरीकडे बघते आहे. जेवत जा.

नीलिमा


अंबरनाथ (पूर्व)
९ जुलै १९८८

नीलिमा,

या पत्राला सहा दिवस लागले आहेत. सावकाश वाच.

खोटं तुला बोलता येत नाही. एप्रिलमध्ये लिहिलंस, पार्शलचा प्रश्न छान गेला. जूनमध्ये लिहितेस, त्यातच गेले. पत्रं मी जपून ठेवतो.

विष्णुपंतांची मुलगी त्याच परीक्षेला बसली होती. तिच्याकडून पेपर मागवला. तुझा त्रिकोण केला, हातावर घेतला, अधिक आलं. मग तू मार्चमध्ये केलं होतंस तसं केलं, तिन्ही बाजूंवरून चालत गेलो. उणे आलं. पुन्हा चाललो, पुन्हा उणे. तेव्हा वर धरलेल्या हाताकडे पाहिलं. उमा समोर होती. तिला विचारलं, हा कुठला हात? ती रडायला लागली आणि तिनं तुझी चिठ्ठी दाखवली. तिला बोल लावू नकोस.

तुझ्या शाळेला पत्र लिहिलं. लिहिलं की सदर शिक्षिकेचं उत्तर मुळात बरोबर होतं, ते माझ्या सांगण्यावरून तिनं खोडलं, चूक माझी आहे, तिला ठेवावं. सोबत गणित सोडवून दिलं, दोन्ही रीतींनी. मला माहीत होतं की असल्या पत्राला कुणी विचारत नाही. तरी लिहिलं. काल उत्तर आलं, टाइप केलेलं. आपलं पत्र मिळालं, सदर जागेवर एक जुलैपासून दुसरी नेमणूक झाली आहे.

नोकरी मला परत आणता येत नाही. मला भाकरीचा तुकडाही मोडता येत नाही. आजार लपवला याची लाज वाटते, पण त्याहून एका गोष्टीची जास्त वाटते. तू मला विचारलं होतंस. नीट, पायरीपायरीनं, पुरावा देऊन विचारलं होतंस, आणि मी तुला दोनदा नापास झालेली म्हणालो. चाळीस वर्षं मी पोरांवर ओरडलो, चिन्ह बघा म्हणून. एकीनंच बघितलं.

तुझं उणे दीड बरोबर आहे.

ऑक्टोबरला बसायचं की नाही, हे आता मला विचारू नकोस. बसलीस आणि उत्तर आलं, तर ते तसंच ठेव. मी काहीही म्हणालो तरी.

श्रीपाद